उसना दम

व्यंकटरावांची बोटं थांबली, तेव्हा अकरा वाजून गेले होते. हिंगोलीच्या कोर्टाबाहेर लिंबाच्या झाडाखाली टेबल टाकून बसणारा हा टायपिस्ट कधी थांबत नाही अशी त्याची ख्याती. समोरच्याचं रडगाणं एका कानानं ऐकत, गालात सुपारी धरून, कोणाचा बांधाचा तंटा, कोणाची सोडचिठ्ठी, कोणाच्या वारसाची नोंद, असं सगळं तो खडाखड उतरवून मोकळा होतो. आज मात्र थांबला. मुंबईच्या वकिलानं हातानं लिहून पाठवलेला मसुदा त्यानं डोळ्यांजवळ धरला आणि मोठ्यानं वाचला. "'सदर तपासणीच्या वेळी यंत्राच्या नळीत फुंकलेला श्वास माझा स्वतःचाच होता, असे मी शपथेवर सांगतो.' तीस वर्षं झाली मला ह्या झाडाखाली. जमीन माझी, विहीर माझी, पोरगं माझं, समदं लिहून झालं. श्वास माझा, हे पह्यल्यांदा लिहून राहिलो." आपल्याच बोलण्यावर तो हसला, सुपारीचा तुकडा या गालातून त्या गालात गेला, आणि मग त्यानं सहज विचारलं, "तुमचाच व्हता ना?"

सहजच विचारलं. चहा घेता का विचारावं तसं. पण रत्नपाल खिल्लारेच्या छातीत मुळात जागा कमी, तिथं ते जाऊन अडकलं. खोकला आला. खोकला आला की त्याला अलीकडे थोडं बरंच वाटायचं, कारण खोकणाऱ्या माणसाकडे कोणी उत्तर मागत नाही. तो वाकून खोकत राहिला, शेजारच्या बाकड्यावरची बाई पदर तोंडाला लावून सरकून बसली, व्यंकटरावांनी तांब्या पुढं केला. पाणी पिऊन झालं, डोळे पुसून झाले, तरी प्रश्न टेबलावर होताच. "ती ओळ राहू द्या," रत्नपाल म्हणाला. "जागा सोडा, अन् पुढचं टाइप करा." व्यंकटरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "येका ओळीची सोडू?" "दोन सोडा," तो म्हणाला. दोन का म्हणाला, ते त्याचं त्याला कळलं नाही. दोन ओळींची कोरी पट्टी मध्ये ठेवून स्टँपपेपर पूर्ण झाला, खाली त्याचं नाव, वडिलांचं नाव, मुक्काम डोंगरकडा, हल्ली हिंगोली, सगळं बरोबर. सहीची जागाही कोरी. कागद प्लास्टिकच्या फायलीत घालून तो उठला आणि गांधी चौकाच्या बाजूनं निघाला.

घाई करायची नाही, असं त्याला डॉक्टरनं सांगितलं होतं. चाळीस पावलं, मग थांबायचं. थांबताना लोकांना वाटू द्यायचं नाही की आपण दमामुळं थांबलोय, म्हणून तो कधी पाटी वाचायचा, कधी चप्पल झटकायचा. दोन वर्षांत ह्या रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या त्याच्या पाठ झाल्या होत्या. गावाकडे राहता येत नव्हतं, कारण आता सोयाबीनची मळणी चालू होती आणि डोंगरकड्याला घराघरासमोर भुसा उडत होता. त्यात बारा महिने आईची चूल. म्हणून हिंगोलीत वरच्या मजल्यावर एक खोली, आणि गावात आई जनकाबाई, बायको सपना, लेक ऐश्वर्या. सपना दुसऱ्याच्या वावरात कामाला जायची. पंधरा दिवसांनी बाजाराच्या निमित्तानं यायची, खोली झाडायची, आणि झाडताना आधी त्याला जिन्यावर बसवायची. नवरा-बायको म्हणून उरलेला संसार तेवढाच, ती आत झाडून राहिलेली आणि तो जिन्यावर. गेल्या खेपेला ऐश्वर्यानं विचारलं होतं, "बाबा, तुमी पुन्हा बोटीवर काहून जात नाहीत?" सपना आतून म्हणाली होती, "जातील. निकाल लागू दे." निकाल लागला की बोटीवर जायचं नव्हतं, निकाल लागला की बोट कायमची सुटणार होती, पण लेकराला काय सांगायचं.

निकाल म्हणजे भरपाईचा. सात वर्षं त्यानं बोटीवर काढली होती आणि त्याची फुप्फुसं बोटीनं खाल्ली होती, हे अगदी खरं होतं, ह्यात तीळभर खोटं नव्हतं. पण कायद्याला नुसतं खरं चालत नाही. कायदा विचारतो, जाताना कसा होतास आणि आलास कसा? जाताना धडधाकट आणि येताना आजारी, तर कंपनीनं भरपाई द्यायची. जाताना आजारी असशील तर तुझं तू बघ. रत्नपालच्या फायलीत जातानाच्या तपासणीचा कागद होता, आणि त्यावर फुप्फुसाचा आकडा चौऱ्याण्णव होता. शंभरात चौऱ्याण्णव. मुंबईच्या वकिलानं तो आकडा पाहिला तेव्हा त्यानं कागदावर बोट टेकवून म्हटलं होतं, "खिल्लारे, केस इथंच जिंकली." आता कंपनीनं शेवटची शंका काढली होती. इतकी चांगली फुप्फुसं नऊ महिन्यांत इतकी कशी बिघडली, तपासणी भलत्याच माणसाची तर झाली नाही? म्हणून वकिलानं हे शपथपत्र मागवलं होतं. एक सही करा, म्हणाला होता फोनवर, आणि मोकळे व्हा. कंपनीला बहुतेक नुसता वेळ काढायचा असेल. पण वेळ काढायला म्हणून फेकलेला दगड नेमका जिथं लागायचा तिथं लागला होता.

चौऱ्याण्णव त्याचे नव्हते. ते हिरासिंगचे होते.

स्टँडवर येईपर्यंत तो पाच ठिकाणी थांबला. खोलीकडे जायला स्टँड लागतच नाही, हे त्याला स्टँडवर आल्यावर लक्षात आलं. उन्हात एसट्या उभ्या होत्या, कंडक्टर ओरडत होते, नांदेड, परभणी, वाशिम. नांदेडच्या गाडीत बसलं की डोंगरकडा, सपना, ऐश्वर्या. आईच्या हातची भाकरी खाऊन, तिथंच ओसरीवर बसून ती दोन ओळींची जागा भरून टाकता आली असती, आणि घरच्यांची तोंडं समोर असताना सहीसुद्धा झाली असती. तो वाशिमच्या गाडीत चढला. खिडकीची जागा धरली, फाईल मांडीवर ठेवली, आणि कंडक्टर आला तेव्हा "कनेरगाव नाका" म्हणाला. दीड वर्ष तो हे तिकीट काढायचं टाळत होता.

बोटीवर तो गेला पंच्याण्णव साली. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. तो पाण्यावर असतानाच जिल्हा वेगळा झाला, आणि त्याच्या खलाशाच्या वहीत मात्र परभणीच राहिलं, कोणाला दाखवली की आधी हा घोळ समजावून सांगावा लागायचा. गावात थट्टा व्हायची. कयाधूला गुडघाभर पाणी आलं तर आपण पूर म्हणतो, आणि जनकाबाईचं पोरगं समुद्रावर. "पेयाला तरी पाणी मिळतं का रे तिथं?" म्हाताऱ्या विचारायच्या, आणि तो खरंच सांगायचा की मोजून मिळतं, तेव्हा त्या त्याच्या आईकडे बघून हळहळायच्या. आयटीआय करून नांदेडच्या एका एजंटाच्या मागं फिरून त्यानं ते काम मिळवलं होतं. सुरुवातीची दोन वर्षं तो बोटीवर जवळजवळ मुकाच होता. हिंदी बोलायचा, मोडकी इंग्रजी बोलायचा, पण ते बोलणं कामाचं. आपलं म्हणून जे असतं, वैतागून तोंडातून निघतं ते, ते नऊ नऊ महिने तोंडातच राहायचं. मग सत्त्याण्णव साली मुंबईत, खलाशांच्या वसतिगृहात, नळाच्या रांगेत मागून कोणीतरी म्हणालं, "अबे, पाणी काहून बंद केलं?" रत्नपालनं वळून पाहिलं. काळासावळा, रुंद छातीचा, कानात बाळी असलेला माणूस बादली घेऊन उभा. "कुठला तू?" "पुसेगावजवळच्या तांड्यावरचा. हिरासिंग. थावरा आडेचा लेक. तू?" तेवढ्यावर दोघं बादल्या तिथंच ठेवून चहाला गेले. साबण लावलेले लोक शिव्या देत राहिले.

त्यानंतर बोट मिळायची ती दोघांनी मिळून घ्यायची, असं ठरून गेलं. साऱ्या समुद्रावर हिंगोलीची ही दोनच माणसं असतील, असं हिरासिंग म्हणायचा, आणि ह्या विचारानं त्याला भारी गंमत वाटायची. बोटी रसायनांच्या. एका बंदरात एक रसायन उतरवायचं, दुसऱ्या बंदरात दुसरं भरायचं, आणि मधल्या वाटेत टाक्या धुवायच्या. तीन माड्यांच्या घराएवढी एकेक टाकी. पाण्याचे फवारे सगळं धुऊन काढतात, पण तळाशी, कोपऱ्यात, पाइपाच्या तोंडाशी थोडं उरतंच, आणि ते फडक्यानं पुसायला माणूसच उतरवावा लागतो. शिडीनं खाली जायचं. वरचं झाकण डोक्यावर बशीएवढं दिसायचं. खाली वास नसायचा कधी, कधी गोड वास असायचा, पिकलेल्या केळीसारखा, आणि डोंगरकडा केळीचं गाव, म्हणून गोड वास आला की हिरासिंग म्हणायचा, "तुझं डोंगरकडं आलं बघ." तोंडावर मास्क असायचा. मास्कच्या हवा गाळणाऱ्या डब्या प्रत्येक वेळी बदलायच्या असा नियम होता. एकेक डबी महिना महिना चालायची, आणि बदलली म्हणून रोज कागदावर सही व्हायची. सही ह्या दोघांचीच. सगळेच करायचे. सही नाही केली तर काही शिक्षा नसायची, फक्त पुढच्या वेळी बोलावणं यायचं नाही. आणि सगळ्यांचं आयुष्य त्या पुढच्या वेळेवर टांगलेलं असायचं, म्हणून उतरतानासुद्धा कप्तानापुढं 'काही तक्रार नाही' असं लिहून द्यायचं आणि खोकला गोदी ओलांडेपर्यंत गिळून ठेवायचा.

रत्नपालला जिने चढताना दम लागू लागला तो दोन हजारमध्ये. हिरासिंगला काहीच नव्हतं. एकाच टाकीत उतरून एकाची छाती आधी का जाते ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. पुढल्या वर्षी नव्या बोटीसाठी तपासणीला बोलावणं आलं, तेव्हा ऐश्वर्या तीन वर्षांची, घराच्या भिंती खिडकीपर्यंत आलेल्या, आणि फुंकायच्या नळीत आपण नापास होणार हे त्याला पक्कं माहीत होतं. आदल्या दिवशी वसतिगृहाच्या गच्चीवर त्यानं हिरासिंगला ते सांगितलं. लाज वाटली होती सांगताना. हिरासिंग मुळीच गंभीर झाला नाही. "एवढंच? दम काय, तांड्यावर पोत्यानं पडला हाय. तुह्या नावानं फुकतो, मग माह्या नावानं फुकतो. तू निस्ता सदरा दे." सकाळी रक्त तपासायचं म्हणून दोघं उपाशी. डॉक्टरच्या संडासात सदरे बदलले. नळीपाशी बसलेला माणूस चेहऱ्याकडे बघायचाच नाही, कारण नाकाला चिमटा आणि तोंडात नळी असली की सगळे चेहरे सारखेच, तो सदऱ्याचा रंग बघायचा आणि काटा. "खिल्लारे," त्यानं पुकारलं, आणि निळा सदरा घालून हिरासिंग आत गेला. पडद्याच्या फटीतून रत्नपालला त्याची पाठ दिसत होती. तीन वेळा फुंकायचं असतं. तिन्ही वेळा हिरासिंगनं असं फुंकलं की खांदे उचलले गेले, मानेच्या शिरा फुगल्या, आणि तिसऱ्या वेळी तो खुर्चीचा हात धरून तसाच बसून राहिला. बाहेर आला तेव्हा डोळ्यांत पाणी आणि ओठ पांढरे. "दिलं तुला," म्हणाला, "निवडून निवडून चांगलं दिलं." वीस मिनिटांनी "आडे" म्हणून पुकारा झाला आणि तो आपला पिवळा सदरा घालून पुन्हा आत गेला. ह्या वेळी रत्नपालनं पाहिलं नाही. पण आतला माणूस म्हणाला ते ऐकू आलं, "जरा कमी आलंय. ठीक आहे, चालेल." त्याच संध्याकाळी दोघांनी पोटभर बिर्याणी खाल्ली आणि पास झाल्याच्या आनंदात हिरासिंग दोनदा जेवला.

गाडी खडबडीत रस्त्यानं चालली होती. बाजूला सोयाबीनचे ढीग, मळणीयंत्रांचा धुरळा, आणि रत्नपालनं खिडकीची काच लावून रुमाल नाकाला धरला. त्या बोटीवर एका टाकीत झाकण उघडून पुरता वेळ झाला नव्हता तरी दोघांना उतरवलं. वर आल्यावर रात्रभर दोघंही शिट्टी वाजल्यासारखा श्वास घेत होते, आणि त्यानंतर हिरासिंगचं पोतं जे रिकामं व्हायला लागलं ते भरलंच नाही. घरी आले दोघं बरोबरच. दावे बरोबर घातले, वकील एक, फाईल जवळजवळ एक. मग मागल्या वर्षी वकिलानं रत्नपालला एकट्याला बोलावलं, दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, "तुमचा चौऱ्याण्णव आहे. तुमच्या दोस्ताचा एकाहत्तर. तो जातानाच आजारी होता. दोघांच्या फायली एकत्र ठेवल्या तर तुम्हीही बुडाल." एकाहत्तर. वीस मिनिटांनंतरचे, उपाशीपोटी, दुसऱ्याला दिल्यानंतर उरलेले. रत्नपालला सगळं त्याच क्षणी कळलं. वकिलाच्या डोक्यावर पंखा फिरत होता, खाली रस्त्यावर कोणीतरी भंगार गोळा करत ओरडत होतं, आणि त्यानं फक्त मान हलवली. एवढंच केलं त्यानं. खोटं बोलला नाही, कोणाचं वाईट चिंतलं नाही, नुसती मान हलवली, आणि दोन महिन्यांनी हिरासिंगचा दावा फेटाळल्याचं पत्र तांड्यावर गेलं. त्यानंतर हिरासिंगचा फोन आला नाही, निरोप आला नाही. रत्नपालनं मनाशी पक्कं धरलं की त्याला समजलंय. समजलंय आणि तो थुंकतोय आपल्या नावावर. कोणीतरी सांगितलं, त्याच्या सासऱ्यानं लेक परत नेली, आजारी माणूस धडधाकट म्हणून गळ्यात मारला म्हणून. कोणीतरी सांगितलं, कनेरगाव नाक्याला पानटपरी टाकलीय. रत्नपाल ऐकायचा, हं म्हणायचा. खोलीत आल्यावर मात्र जेवण जायचं नाही, आणि वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत 'काहून' म्हणायला कोणी नसायचं. बोटीवर होता त्याहून मुका झाला होता तो. आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच बोलीत, मुका.

नाक्यावर उतरला तेव्हा ढाब्यांसमोर ट्रक लागले होते. टपरी शोधावी लागली नाही. रस्त्यापासून थोडी आत, बाभळीखाली, हिरवा रंग दिलेली. आत एक माणूस बसला होता, ऑक्टोबरच्या उन्हात गळ्यात मफलर. कानात बाळी नसती तर रत्नपाल पुढं निघून गेला असता. छाती आत गेली होती आणि खांदे वर आले होते, दर श्वासाला उचलले जाऊन तसेच राहिल्यासारखे. हिरासिंगनं त्याला पाहिलं. चुन्याची डबी हातातच राहिली. रत्नपालला वाटलं, आता शिवी येईल. किती दिवस तो त्या शिवीची वाट पाहत होता.

"तू काहून आला?" हिरासिंग म्हणाला. आवाजात राग नव्हता. भीती होती. तो टपरीची फळी उचलून बाहेर आला, दोन पावलांत धापला, रत्नपालचा दंड धरला आणि त्याला बाभळीच्या सावलीतल्या बाकावर बसवलं. मग स्वतः बसला. दोन माणसं शेजारी बसून नुसता श्वास गोळा करत राहिली, आणि एक ट्रकवाला तंबाखू मागायला आला तो त्यांच्याकडे बघून स्वतःच पुडी घेऊन पैसे फळीवर ठेवून गेला.

"तुझं बिघडलं का काम?" हिरासिंगनं अखेर विचारलं. "खरं सांग. माह्यामुळं बिघडलं का?"

"तुझ्यामुळं?"

"मंग? पत्र आलं ना मला. पुसेगावच्या मास्तरकडून वाचून घेतलं. मी म्हनं आधीपासूनच बिमार होतो. जाताना पण बिमार. मला कधी कळलंच न्हाई बघ. विहिरीत बुडी मारायचो, दोन पोती उचलायचो, अन् आतून बिमार. असंल. आपल्याला आपल्या आतलं काय दिसतं." तो थांबला, श्वास घेतला. "घरच्या लक्ष्मीला तिचा बा घेऊन गेला, ते पण बराबरच हाय, म्हणलं. बिमार माणसानं लगीन केलं. पण मला येकच भेव होतं, रत्नपाल. तो बिमार दम मी तुह्या नावानं फुकला. चांगला समजून दिला तुला, अन् होता सडका. तुझा कागद माह्यापायी खराब झाला असंल. लेकरू हाय तुला. म्हणून तोंड दाखवायला आलो न्हाई. फोन करावा तर काय म्हणून करावा."

रत्नपालला वाटलं आता खोकला यावा. आला नाही. छाती अशी स्वच्छ मोकळी झाली की पुढं काही आडच उरलं नाही. दीड वर्ष. दीड वर्ष हा माणूस ह्या बाभळीखाली बसून आपली माफी मागत होता, आणि आपण हिंगोलीत बसून त्याच्या रागाला भीत होतो. बारा कोसांवर. त्याला रडू आलं. हिरासिंगला वाटलं, आपलं भेव खरं झालं, आणि तो "जाऊ दे रे, जाऊ दे" म्हणत त्याच्या पाठीवर हात फिरवायला लागला. रत्नपालनं त्याचा हात धरून खाली ठेवला. फाईल उघडली. वकिलानं दाखवलेल्या त्या दोन कागदांच्या झेरॉक्स बाहेर काढल्या आणि बाकावर ठेवल्या, वारा नव्हता तरी वर चुन्याची डबी ठेवली.

"हा आकडा बघ. चौऱ्याण्णव. हा माझ्या नावाचा. आता हा बघ, एकाहत्तर, हा तुझ्या नावाचा. आधी तू कोणाचं फुकलं?"

"तुझं."

"उपाशी होतास?"

"व्हय. रगत द्यायचं होतं ना."

"तिसऱ्या वेळी काय झालं तुला?"

"चक्कर आली होती. खुर्ची धरली मी." हिरासिंगनं दोन्ही कागदांकडे पाहिलं. आकडे त्याला वाचता येत होते, पण तो ते पुन्हा पुन्हा वाचत होता. "मंग माह्या नावानं फुकलो, तवा काय उरलंच नव्हतं."

"दोन्ही तूच हायस, हिरासिंग. हे चौऱ्याण्णव पण तूच. जाताना तू असा होतास. मी मागल्या वर्षीच पाहिलं हे. वकिलानं दाखवलं मला, अन् मी गप बसलो. मला माझी फाईल वाचवायची होती. तुझा दावा माझ्यामुळं गेला. तुझी घरची गेली ती पण माझ्यामुळं."

म्हणून झालं. आता शिवी यायला हरकत नव्हती. हिरासिंग कागद डोळ्यांजवळ धरून बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते. मग त्यानं मान वर केली, आणि रत्नपालनं पाहिलं की त्यानं मागचं काही ऐकलंच नाहीये, तो पहिल्याच वाक्यावर थांबलाय.

"म्हंजी मी चांगला होतो?"

"चांगला होतास."

"बिमार नव्हतो?"

"न्हाई."

"लगीन केलं तवा पण?"

"तवा तर लईच चांगला होतास," रत्नपाल म्हणाला. हिरासिंग हसला. हसता हसता त्याला खोकला लागला, तो खोकत खोकत हसला, आणि मफलरनं तोंड पुसून समोरच्या ढाब्याकडे बघत राहिला, जणू तिथल्या सगळ्यांना ही बातमी सांगायची होती पण आवाज पुरणार नव्हता. मग म्हणाला, "हे लिहून दे. तिच्या बाला दाखवतो. माह्या बापाला पण. थावरा आडे मेला तर मनात घेऊन मरंल की लेक आतून सडका निघाला."

रत्नपालनं स्टँपपेपर काढला. मधली दोन ओळींची जागा तशीच होती. हा कागद मुंबईला गेला की आपली फाईल कायमची बंद, हे त्याला स्पष्ट माहीत होतं. वकील शिव्या देईल, तपासणीत लपवाछपवी केली म्हणून कंपनी खटला भरेल कदाचित. सपना नुसती झाडू घेऊन खोलीत जाईल, आणि ते सोसवणार नाही. घराच्या भिंती खिडकीपर्यंतच राहतील. भीती वाटत होती त्याला, चांगलीच वाटत होती. पण त्या भीतीत तो आज एकटा नव्हता, आणि हे इतक्या दिवसांनी जाणवलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. "पेन दे," तो म्हणाला. हिरासिंगनं टपरीतून उधारीच्या वहीला बांधलेलं पेन दोरा तोडून आणून दिलं. मांडीवर फाईल ठेवून रत्नपालनं सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं, कारण हे पुसेगावच्या मास्तरला वाचता यायला हवं होतं. दोन ओळी बरोबर पुरल्या. खाली सही केली.

"उद्या हिंगोलीच्या कोर्टात नेऊन शिक्का मारून घेऊ," तो म्हणाला. "येक मुंबईला, येक झेरॉक्स तुझ्याजवळ."

"मंग तुझं काय?"

"माझं बघू."

"बघू म्हंजी?"

"बघू म्हंजी बघू. तू आधी ऐक." आणि त्यानं वाचून दाखवलं. 'सदर तपासणीच्या वेळी माझ्या नावाने नळीत फुंकलेला श्वास माझा नसून हिरासिंग थावरा आडे यांचा होता. त्या दिवशी ते पूर्ण निरोगी होते, असे मी शपथेवर सांगतो.'

"पुन्हा वाच," हिरासिंग म्हणाला.

रत्नपालनं पुन्हा वाचलं. वाशिमकडून हिंगोलीची गाडी आली, थांबली, दोघं उठले नाहीत म्हणून निघून गेली. हिरासिंगनं पुन्हा एकदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचताना रत्नपालला मध्येच दम लागला, आणि तो छातीवर हात ठेवून थांबला, तेव्हा उरलेलं हिरासिंगनं तोंडपाठ म्हणून दाखवलं.